राखेच्या किल्ल्यात रुद्रम्मा अव्वा

श्रीशैल सरांच्या हातून तारामतीबाई ठार झाल्या, ही बातमी मुरूम गावच्या त्यांच्या गल्लीत पसरली ती बरोबर सकाळी दहा वाजता, आणि पसरवली ती खुद्द तारामतीबाईंनी. एका हातात विरजणाची वाटी, दुसऱ्या हातात पदर, अशा थाटात त्यांनी स्वतःच्या मरणाची खबर सात घरी पोचवली. आठव्या घरी कुलूप होतं म्हणून, नाहीतर तेही सुटलं नसतं.

"मला मारलंय सरांनी. तिसऱ्या लढाईत. लिहून ठेवलंय वर तोंड करून!"

आता सर म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवणारा सरळ माणूस. डास मारतानासुद्धा आधी खिडकी उघडून त्याला एक संधी देणारा. त्यांच्यावर असला आळ यावा याला कारण एक जपानी खेळ. नाव 'हाइनोशिरो, भाग दुसरा'. सरांच्या सांगण्यानुसार हाइनोशिरो म्हणजे राखेचा किल्ला. चौकोनाचौकोनांचा नकाशा टीव्हीवर येतो आणि त्यावर आपली माणसं बुद्धिबळासारखी एकेक करून सरकवायची असतात. फरक इतकाच, की बुद्धिबळातला मेलेला घोडा पुढच्या डावाला ताजातवाना उभा असतो. इथं गेला तो गेला. त्याच्या नावाचा दगड उभा राहतो, उरलेले त्याच्यापुढे माना खाली घालतात आणि असं काही संगीत वाजतं, की फोडणीत मोहरी टाकायला निघालेला हात वरच्यावर थांबावा.

सर हा खेळ चोरून खेळत नव्हते. चोरून खेळण्याची वेळ निघून गेली होती. त्यांच्या पत्नी भुवनेश्वरीबाई अंगणवाडी पर्यवेक्षिका; त्यांचा अहवाल दर महिन्याला वेळेवर जायचा. त्यांनी एकदा भाकरी थापता थापता शांतपणे विचारलं होतं, "अहो, सात वर्षं असले खेळ खेळताय. याचा एक पानभर तरी अहवाल निघाला का कुठं?" हे वाक्य सरांना लागलं. म्हणून पुण्यातल्या युवराजनं, म्हणजे कॉलेजच्या जुन्या मित्रानं, आपल्या मराठी संकेतस्थळासाठी या नव्या भागाचं गुणदोष-परीक्षण लिहून मागितलं, तेव्हा सरांनी फोनवरच मान डोलावली. मुदत एकतीस मे. त्या दिवसापासून सर इस्त्रीचा शर्ट घालून खेळायला बसू लागले. काम म्हटलं की काम.

खेळात बारा शिपाई मिळतात. त्यांची जपानी नावं लक्षात राहीनात. ज्याला पुढे पाठवायचा तो मागे राही आणि ज्याला जपायचा तोच भाल्यावर जाऊन आदळे. नावं बदलायची सोय होती. सरांनी अकरा जणांना गल्लीतल्या अकरा माणसांची नावं दिली आणि सेनापतीला आपलं. नाव ओळखीचं असलं की स्वभाव लक्षात राहतो, हा वर्गावरचा वीस वर्षांचा अनुभव. शिवाय मास्तरकीची सवय म्हणून त्यांनी कॉलेजातला एक जुना कोरा हजेरीपट घेतला आणि रकाने आखले: अनुक्रमांक, नाव, काम, स्थिती, शेरा. निळ्या शाईनं हयात, लाल शाईनं ठार.

इथवर सगळं शिस्तीत होतं. पण सरांना आयुष्यात एक गोष्ट कधी जमली नाही: घराचं दार लावणं. भुवनेश्वरीबाई याबद्दल लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून बोलत आल्या होत्या. त्या बुधवारीही सर दार उघडं टाकून आंघोळीला गेले, तारामतीबाई विरजणाला आल्या आणि टेबलावर हजेरीपट उघडा दिसला. गल्लीत कुणाच्या घरी वाचण्यासारखं काही उघडं पडलेलं असताना ते न वाचणं हा त्या कागदाचा अपमान आहे, असं त्यांचं मत होतं.

त्यात लिहिलं होतं: '४. तारामती. भालाईत. ठार. शेरा: पुढे पाठवायला नको होती.'

सर टॉवेलानं डोकं पुसत बाहेर आले तेव्हा ओसरीत नऊ माणसं उभी होती.

"सर," तारामतीबाई म्हणाल्या, "म्या तुमचं काय वाईट केलं?"

"तारामतीबाई, तो खेळ आहे. तुम्ही फार शौर्यानं..."

"शौर्य ऱ्हाऊ द्या. मला एकटीलाच का पुढं पाठवलं? बाकीचे काय हळदीकुंकवाला गेलते?"

याचं प्रामाणिक उत्तर असं होतं, की सर चुकीचं बटण दाबून बसले होते. पण गणिताचा शिक्षक गल्लीसमोर असं कसं कबूल करणार?

तेवढ्यात सिद्धेश्वर अप्पांनी हजेरीपट हातात घेतला. अप्पा वीज कंपनीतून निवृत्त झालेले लाईनमन. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि आपली ओळ मोठ्यानं वाचली: "'सिद्धेश्वर. तलवारबाज. जखमी. शेरा: ऐकत नाही.'" मग चष्मा काढला. "तीस वर्षं वादळात खांबावर चढलो, मास्तर. साहेबानं खाली उतर म्हटलं की उतरलो. आन् मी ऐकत न्हाय?"

"अप्पा, ऐकलं असतंत तर जखमी झाला असता का?" सरांच्या तोंडून निघून गेलं, आणि मग पुढचा अर्धा तास फक्त अप्पा बोलले.

भुवनेश्वरीबाईंनी हजेरीपट पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग परत वाचला. "यात मी कुठंय?"

"तुला लढाईत कशाला पाठवू? तू..."

"कळलं. तिथंबी मला घरीच ठेवलंय."

दुपारपर्यंत असं ठरलं, म्हणजे सर सोडून सगळ्यांनी ठरवलं, की यापुढची लढाई माणसांच्या नजरेसमोर व्हावी. आपलं माणूस कुठं उभं आहे, कशाच्या आड आहे, हे ज्याचं त्याला कळलं पाहिजे. सरांच्या पुढच्या खोलीत सतरंजी पडली. पहिल्या दिवशी फोडणीच्या चुरमुऱ्यांची सुशीला आली, दुसऱ्या दिवशी शेंगाची चटणी लावलेली भाकरी, आणि सल्ला दोन्ही दिवस आला.

सरांना वाटलं होतं, परीक्षण एकट्यानं लिहायचं असतं. गल्लीचं मत वेगळं होतं. सरांनी 'दोष' या मथळ्याखाली लिहिलं, 'शत्रूची कुमक पूर्वसूचना न देता पाठीमागून येते.' अप्पांनी खांद्यावरून वाचून ते खोडायला लावलं. "शत्रू पाठीमागूनच येतो, मास्तर. ह्यो दोष न्हाय, ह्यो अनुभव हाय. गुणात घाला." सरांनी लिहिलं, 'याद्यांच्या पोटात याद्या. एक तलवार बदलायला सहा वेळा बटण दाबावं लागतं.' यावर दुमत झालं नाही. फेरफाराची नोंद करायला तहसिलीत खेटे घातलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या. तारामतीबाई मेलेल्या असल्यामुळे त्यांना भीड उरली नव्हती. "चार दिस बगतेय," त्या म्हणाल्या, "गावं जळतात, राजे मरतात, समदे अंधारात उभे राहून मोठं मोठं बोलतात. पर जेवतं कुणीच न्हाय. लई मोठा दोष हाय. लिवा." सरांनी लिहिलं. विचार केला तर खरंच होतं. त्या खेळातलं दुःख इतकं काळंकुट्ट का वाटतं, याचं कारण त्यांना पहिल्यांदाच सापडलं होतं: एकाही घरात चूल पेटत नव्हती.

पण या सगळ्यात एक गोष्ट अशी घडली, की खेळ खेळ राहिला नाही.

गल्लीच्या टोकाला रुद्रम्मा अव्वा राहायच्या. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मुलगा शिवपुत्र हैदराबादला. त्यानं सोलापूरच्या एका दवाखान्यात उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख दोनदा घेतली होती. पहिल्या वेळी अव्वा म्हणाल्या, अमावस्या आहे. दुसऱ्या वेळी म्हणाल्या, मांजर व्यायलीय. तिसरी तारीख एकोणतीस मे, शुक्रवार. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता चुकलं तर डोळा हातचा जाईल. अव्वा काठी टेकत सरांच्या घरी आल्या त्या हे सांगायला नव्हे. त्यांना विचारायचं होतं, "का रे लेकरा, माझ्या म्होरं काय लिवलंयस?"

सरांनी वाचून दाखवलं. "'रुद्रम्मा. वैद्य. हयात. शेरा: हिच्यावाचून चालणार नाही.'"

अव्वा काठी टेकत जवळ सरकल्या. "परत वाच."

सरांनी परत वाचलं.

"शिव शिव," अव्वा म्हणाल्या. "चाळीस वर्षं संसार केला, कुणी असं तोंडानं बोललं न्हाय, आन् तू लिवून ठेवलंस." मग काठी दोनदा जमिनीवर आपटून त्यांनी निकाल दिला: "मी कौल लावते. तुझ्या किल्ल्यातनं ती बाई जित्ती बाहीर आली, तर मी सोलापूरला जाते. न्हाय आली, तर मला कुणी बोलायचं न्हाय."

कुलदैवतापुढे फूल लावून कौल घेणाऱ्या बाईनं तो जपानी खेळापुढे लावला, यात गल्लीत कुणालाच काही वावगं दिसलं नाही. संध्याकाळी शिवपुत्राचा फोन आला. "सर, आईचा डोळा तुमच्या हातात हाय बगा." सरांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. चुकीचं बटण दाबणारा अंगठा तोच होता.

आणि आणखी एक अडचण होती, जी सरांनी कुणाला सांगितली नव्हती. पण अव्वा सोडून खोलीतल्या सगळ्यांना ती दिसत होती. खेळातली वैद्य ही अठरा वर्षांची पोरगी होती. केस जांभळे. झगा गुडघ्याच्या चांगला वर. जपानी माणसानं चिलखत फक्त पुरुषांना का घातलं, हे त्यालाच माहीत. सरांनी दोषांच्या यादीत पहिल्याच क्रमांकावर सभ्य भाषेत लिहिलं होतं: 'वैद्य या पात्राचा वेश रणांगणाला साजेसा नाही.' नाव देताना त्यांनी फक्त काम पाहिलं होतं. रुद्रम्मा अव्वांचा काढा उभ्या गल्लीनं घेतलेला होता.

अव्वांना टीव्हीवर नुसता धुरळा दिसायचा. "मी कशी दिसते रं?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

सरांनी तारामतीबाईंकडे पाहिलं. तारामतीबाई धावून आल्या. "हिरवं इरकल नेसलाय अव्वा. काठ लाल. कपाळाला इबूत."

"डोक्यावर पदर?"

"हाय की. लढतानाबी ढळत न्हाय."

अव्वा समाधानानं हसल्या. त्या दिवसापासून रोज इरकल नेसवलं जाऊ लागलं. मंगळवारी मोरपंखी, बुधवारी अंजिरी. अप्पांनी तर एकदा नाकात नथही घातली. सरांची गत अशी झाली, की जिंकलं तर अव्वांना दृष्टी येणार, आणि दृष्टी आली की पहिल्यांदा दिसणार ते जांभळे केस.

शेवटची लढाई गुरुवारी, अठ्ठावीस तारखेला ठेवली. शिवपुत्रानं शुक्रवारी पहाटेची सोलापूरची गाडी सांगून ठेवली होती. खेळाचा आणखी एक मोठा दोष असा, की लढाई अर्ध्यावर जपून ठेवता येत नाही; आणि मुरूमला मे महिन्यात वीज कधी अर्ध्यावर सोडून जाईल सांगता येत नाही. दोनदा तसं होऊन अप्पा दोनदा जखमी झाले होते. तेव्हा अप्पांनी जुनी ओळख वापरायची ठरवली आणि उपकेंद्रात रीतसर अर्ज दिला: गुरुवारी अकरा ते दोन आमच्या गल्लीचा पुरवठा खंडित करू नये. 'कारण' या रकान्यात काय लिहावं यावर बरीच चर्चा झाली. अप्पांनी लिहिलं: 'वैद्यकीय'.

ते खोटं नव्हतं. फक्त त्याचा परिणाम असा झाला, की गुरुवारी सव्वाअकरा वाजता, ऐन वेढ्यात, एक तरुण इंजिनिअर साहेब हातात अर्ज घेऊन ओसरीत उभे राहिले. दार अर्थातच उघडं होतं.

"पेशंट कुठंय?"

एकवीस माणसांनी एकाच वेळी टीव्हीकडे बोट केलं. तिथं जांभळ्या केसांची पोरगी एका गुडघ्यावर टेकून श्वास घेत होती.

साहेबांनी टीव्ही पाहिला, अव्वांना पाहिलं, अर्ज पाहिला. सर उठून उभे राहिले. आता आपली नोकरी, अप्पांची पेन्शन आणि अव्वांचा डोळा तिन्ही एका दमात जाणार, असं त्यांना स्पष्ट दिसलं.

"तिला डावीकडच्या भिंतीआड घ्या," साहेब म्हणाले. "तिथून बाण लागत नाही." आणि बूट काढून सतरंजीवर बसले.

एक वाजता शत्रूचा सरदार पडला. खोलीत असा जल्लोष झाला, की शेजारच्या म्हशीनं दावं तोडलं. पण जपानी माणूस एवढ्यावर सोडणारा नव्हता. पडद्यावर अंधार झाला, ते चूल न पेटणाऱ्या घरांचं संगीत वाजू लागलं आणि मजकूर आला. सरांनी वाचता वाचता मराठीत सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांचा आवाज खाली गेला. किल्ला जळतो आहे. सगळ्यांना बाहेर पडायचं असेल तर एकानं मागे राहून आतून दार लावून घेतलं पाहिजे. मागे राहील तो परत येणार नाही. कुणाला ठेवायचं, ते तुम्ही सांगा.

खाली नावांची यादी होती.

"माझं काय न्हाय बाबा," तारामतीबाई म्हणाल्या. "मी आधीच गेलेय."

सिद्धेश्वर अप्पा खाकरले. "मी राहतो." सगळ्यांनी त्यांच्याकडे आदरानं पाहिलं. एवढं पाहिल्यावर अप्पा जरा विचारात पडले. "म्हणजे माझी ना न्हाय. फक्त चिलखताला भोक हाय, तेवढं बगा."

"कशाला भांडताय," रुद्रम्मा अव्वा म्हणाल्या. "मी राहते मागं. पिकलं पान. तुमी समदे लेकराबाळांचे." बोलताना त्यांनी पदर सारखा केला. त्या आवाजात त्याग होता यात शंका नाही. पण जवळ बसलेल्याला त्यात सुटकाही ऐकू येत होती. किल्ल्यात राहिलं की सोलापूर टळत होतं. "लाव माझं नाव, श्रीशैल. देवाचाच कौल हाय."

सरांनी अंगठा बटणावर नेला आणि काढून घेतला. वीस वर्षं गणित शिकवलं, पण उरलेल्या अकरामधून एक वजा करायची त्यांची छाती होईना. त्यांनी आशेनं इंजिनिअर साहेबांकडे पाहिलं. साहेब हातातल्या अर्जाकडे पाहत होते.

तेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या असलेल्या भुवनेश्वरीबाई पुढे आल्या. हात पदराला पुसले, सरांच्या हातातून रिमोट काढून घेतला आणि यादी वरून खाली, खालून वर नेली. "यात शेवटच्या नंबरला कोण हाय?"

"सेनापती. म्हणजे... मी."

"चांगलं चिलखत कुणाच्या अंगावर हाय?"

"माझ्याच."

"मग झालं तर. घरात वीस वर्षं यांनी कधी दार लावलं न्हाय. तिथं तरी लावू द्या." आणि बटण दाबलं.

पडद्यावर सेनापती श्रीशैल मागे वळला. जड लाकडी दार त्यानं आतून ओढून घेतलं. मग बाहेरच्या उजेडात एकेक माणूस दिसू लागलं: अप्पा लंगडत, बाकीचे धुरानं काळवंडलेले, आणि सगळ्यांत शेवटी, मागे वळून वळून पाहत, वैद्य.

"आली का?" अव्वांनी विचारलं.

"आली, अव्वा," सगळे म्हणाले.

अव्वांचा चेहरा पडला. मग त्यांनी सुस्कारा टाकला. "शिवपुत्राला सांगा, गाडी पाठीव म्हणावं. आन् श्रीशैल गेला का रं?"

"गेलो, अव्वा."

"लई गुणाचं लेकरू होतं," त्या म्हणाल्या, आणि खरोखर डोळ्यांना पदर लावला. दोन दिवस गल्लीत सरांना बघून लोक हळहळत होते. तारामतीबाईंनी तर वाटीत दही आणून दिलं. "घ्या सर, आता आपण एका गावचे."

शनिवारी दुपारी अव्वा परत आल्या. एका डोळ्यानं मुरूम पाहत, काळा गॉगल लावून. पहिल्यांदा त्यांनी आपली मांजर पाहिली, मग मांजरीची पिल्लं मोजली, मग काठी न टेकता तडक सरांच्या घराकडे निघाल्या. सरांनी टीव्हीवर चादर टाकायचा विचार केला होता, टीव्ही दुरुस्तीला गेलाय असंही पाठ केलं होतं. पण दार उघडं होतं.

"दाव," अव्वा म्हणाल्या. "डॉक्टर म्हणला, लई बगू नको. एकदा बगते."

मागोमाग गल्ली आली. सरांनी खेळ लावला. जांभळ्या केसांची पोरगी पडद्यावर उभी राहिली. वारा सुटला होता, झगा उडत होता. अव्वांनी गॉगल कपाळावर चढवला.

"ही कोण?"

"अव्वा... ह्या तुम्हीच."

"इरकल कुठाय?"

सगळ्यांनी तारामतीबाईंकडे पाहिलं. "लढाईत फाटलं, अव्वा," त्या बारीक आवाजात म्हणाल्या.

अव्वा टीव्हीच्या इतक्या जवळ गेल्या, की त्यांचा श्वास काचेवर उमटला. "केस जांभळे हायत."

"व्हय."

"गुडघे उघडे हायत."

"अव्वा, मी लिहिलंय तसं," सर घाईनं म्हणाले आणि परीक्षणाचा कागद पुढे केला. "हे बघा, दोष क्रमांक एक."

अव्वांनी कागदाकडे पाहिलंच नाही. त्या पोरीकडे पाहत राहिल्या. पोरगी धावायला लागली. राखेतून, दगडांवरून, केस मोकळे सोडून.

"खोड ते," अव्वा म्हणाल्या.

"काय?"

"दोष म्हणून लिवलंस ते खोड. चौदा वर्सांची होते, तवा गायरानात अशीच पळायची मी. लुगडं गुडघ्याच्या वर खोवून. बाप मागं दगड घिऊन." त्या हसल्या. "ते बघितलेलं आता एकबी माणूस जित्तं न्हाय. त्या जपानवाल्याला कसं कळलं रं?"

सरांनी पेन काढलं आणि क्रमांक एकवर आडवी रेघ मारली. थोडा विचार करून तेच वाक्य गुणांच्या बाजूला नेलं. फक्त 'साजेसा नाही'मधला 'नाही' गाळला.

अव्वांनी गॉगल खाली ओढला, काठी काखोटीला मारली आणि दारापर्यंत जाऊन थांबल्या.

"डाव्या डोळ्याची तारीख दिवाळी झाल्यावर दिलीय," त्या म्हणाल्या. "तवर तिसरा भाग काढ म्हणावं त्याला. न्हायतर मी काय सोलापूरला जात न्हाय." आणि जाताना दार ओढून घेतलं.